टेस्टिंग चालू आहे, घाबरू नका

घरातला अलार्म विनाकारण वाजला की आम्हाला पाच मिनिटांत फोन येतो. रात्री दोन वाजता येतो, लग्नाच्या मांडवातून येतो, दवाखान्यातूनही येतो. पलीकडचा आवाज चढलेला असतो आणि त्यात काही गैर नाही. पण अलार्म वाजायचाच बंद झाला, तर फोन येत नाही. येणार तरी कसा? मेलेला अलार्म आणि धडधाकट अलार्म बाहेरून दिसायला सारखेच. दोन्ही गप्प, दोन्हीचा हिरवा दिवा लागलेला. चोरीच्या अलार्मची देखभाल करणाऱ्या माणसाला पगार मिळतो तो या गप्प राहण्यावर विश्वास न ठेवण्याचा.

आमच्या वस्तादांची एक सवय होती. सर्व्हिसला गेलं की ते अलार्मच्या पॅनेलकडे बघायचेच नाहीत. आधी घरातलं प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी स्वतःच्या हातानं उघडायची आणि प्रत्येक वेळी पॅनेल ओरडतंय का ते ऐकायचं. नव्या पोरांना हा वेळेचा अपव्यय वाटायचा. पॅनेलवर आठही झोन ‘ओके’ दिसत असताना दारं कशाला उघडत बसायची?

पुण्यातल्या एका जुन्या बंगल्यात त्याचं उत्तर मिळालं. दिवाळीआधी घराला रंग लागला होता आणि आम्ही तुळशीच्या लग्नानंतर वार्षिक तपासणीला गेलो. पॅनेलवर सगळं छान. वस्तादांनी मोरीकडचं मागचं दार सताड उघडलं. काहीच झालं नाही. दार पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. पॅनेल गप्प. जवळ जाऊन पाहिलं तर दारावरचा चुंबक दारावर नव्हताच. तो चौकटीवरच्या स्विचलाच चिकटपट्टीनं गुंडाळलेला होता आणि वरून सुंदर ऑफ-व्हाइट रंगाचे दोन हात मारलेले होते. रंगाऱ्याला फोन लावला. त्यानं सरळ सांगितलं, “साहेब, दार उघडं ठेवून रंग द्यायचा म्हणजे ते सारखं बोंबलायचं. म्हणून चुंबक तिथंच बांधून टाकला.” त्याच्या कामाच्या सोयीचा उपाय त्यानं केला होता. पण त्या घरानं दिवाळीची सुट्टी, त्यातला बाहेरगावचा आठवडा धरून, मागचं दार उघडंच असल्यासारखी काढली होती.

चौकटीवरचा हा स्विच म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान काचेची नळी. आत लोखंड-निकेलच्या दोन पातळ पट्ट्या समोरासमोर. चुंबक जवळ असला की त्या एकमेकींना चिकटतात, लांब गेला की सुटतात. १९३६ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर एलवूड यांनी हा रीड स्विच बनवला आणि पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तो अफाट वापरला गेला. झिजत नाही, धूळ आत जात नाही, किंमत मामुली. पण जवळपास वीज पडून वायरीतून झटका आला, तर या पट्ट्या कधी कधी एकमेकींना कायमच्या वितळून बसतात. मग दार उघडा, काढून ठेवा, पॅनेलच्या लेखी ते बंदच. म्हणून वळवाचे पाऊस होऊन गेले की निदान जूनमध्ये एकदा सगळी दारं उघडून पाहायलाच हवीत.

पावसाळ्याचं आणखी एक आहे. सागवानी असो की फ्लश डोअर, दार फुगतं. पूर्ण बसत नाही, चुंबक आणि स्विचमधलं अंतर वाढतं आणि अलार्म रात्री-अपरात्री वाजायला लागतो. बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर असेल आणि स्विच त्याच्यावरच बसवला असेल, तर लोखंड चुंबकाचा जोर आणखी खातं. तिथं जाड, लोखंडासाठीचाच स्विच लावावा लागतो. घरमालक मात्र सोपा मार्ग काढतात. कीपॅडवरून तो झोन ‘बायपास’ करतात, म्हणजे त्या दाराला हिशेबातून वगळतात. बहुतेक पॅनेलांत ही सूट पुढच्या वेळी आपोआप निघते, काहींत निघत नाही. दिवाळी येते, दार सुकून जागेवर बसतं, पण वगळलेलं दार वगळलेलंच राहतं.

आता एक गोष्ट आमच्याच धंद्यातली, जी गिऱ्हाइकाला सहसा कुणी सांगत नाही.

सेन्सरकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरीच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर जोडायचा असतो. कुठल्या पॅनेलला २.२ किलोओहमचा, कुठल्याला ४.७चा. पॅनेल वायरीतून सतत थोडा करंट सोडून हा आकडा मोजत असतं. वायर कापली तर आकडा अनंत होतो, दोन तारा एकत्र जोडल्या तर शून्य होतो. दोन्ही वेळा पॅनेलला कळतं की वायरीला कुणीतरी हात लावलाय. पण त्यासाठी रेझिस्टर वायरीच्या शेवटी, सेन्सरच्या डबीत हवा. घोड्यावर चढून, मान वाकडी करून, छताजवळच्या डबीत तो लहानसा रेझिस्टर जोडायला वेळ लागतो. घाईतला वायरमन काय करतो? सगळे रेझिस्टर पॅनेलच्या पेटीतच, वायर सुरू होते तिथंच जोडून मोकळा होतो. पॅनेल खूश, दिवा हिरवा, बिल पास. पण आता वाटेत कुणी दोन तारा सोलून एकत्र केल्या, किंवा उंदरानं वरचं आवरण कुरतडून त्या एकमेकींना टेकल्या, तर पॅनेलला कधीच कळणार नाही. त्याला त्याचा आकडा घरबसल्या मिळत राहणार.

ही साधी आळशीपणाची गोष्ट नाही. १८५३ साली मॅसॅच्युसेट्सच्या ऑगस्टस पोप यांनी विजेवर चालणाऱ्या चोर-घंटेचं पेटंट घेतलं. त्यात दार उघडलं की सर्किट पूर्ण व्हायचं आणि घंटा वाजायची. म्हणजे तार तुटली तर घंटा मुकी. तेव्हापासून या क्षेत्रात झालेली खरी प्रगती कोणती, तर यंत्र स्वतःच्या तारेवरही लक्ष ठेवायला शिकलं, ही. पेटीतला रेझिस्टर ते सगळं पुसून टाकतो. तुमच्या घरी तपासणीला माणूस आला तर त्याला विचारा, “एंड ऑफ लाइन रेझिस्टर कुठं बसवलाय, दाखवा.” तो शिडी मागतो की पॅनेलची पेटी उघडतो, यावरून काय ते समजेल.

हॉलमध्ये कोपऱ्यात बसवतात तो सेन्सर, पीआयआर, स्वतः काहीच बाहेर टाकत नाही. तो फक्त उष्णता बघतो. माणसाच्या अंगातून नऊ-दहा मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त उष्णता-किरण निघतात. पुढची दुधी रंगाची भिंगाची पट्टी खोलीचे पंख्यासारखे कप्पे पाडते आणि माणूस एका कप्प्यातून दुसऱ्यात गेला की आतल्या तुकड्याला फरक जाणवतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, सेन्सरच्या दिशेनं सरळ चालत येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो, आडवा जाणारा लगेच. म्हणून ‘वॉक टेस्ट’ करताना चोर ज्या वाटेनं येईल त्या वाटेनं, त्याच्याच चालीनं, हळूहळू चालायचं असतं. हात हलवून लाल दिवा लागला म्हणजे तपासणी झाली, असं नाही.

दुसरी गोष्ट आम्हाला विदर्भानं शिकवली. नागपूरच्या एका वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जानेवारीत बसवलेले सेन्सर टेस्टला उत्तम पास झाले होते. मे महिन्यात घरच्या काकांना संशय आला, कारण ते हॉलमधून दोन फेऱ्या मारून आले तरी सिस्टीम गप्प होती. आम्ही दुपारी तीनला पोचलो. आठवडाभर बंद असलेलं घर, वर तापलेली गच्ची, भिंतीला हात लावला तर कोमट. माणसाच्या कातडीचं तापमान साधारण तेहेतीस-चौतीस अंश. भिंतही तेवढ्यावरच आलेली. उष्णतेतला फरक बघणाऱ्या डोळ्याला फरकच उरला नाही, तर दिसणार काय? चांगल्या सेन्सरमध्ये तापमान वाढलं की संवेदनशीलता आपोआप वाढवायची सोय असते, पण स्वस्तात घेतलेल्यात ती नावापुरती. तिथं शेवटी उष्णता आणि मायक्रोवेव्ह दोन्ही वापरणारे सेन्सर लावले. आणि तेव्हापासून चंद्रपूर-नागपूर-अकोल्याची तपासणी आम्ही मे महिन्यात, भर दुपारी, घर बंद ठेवूनच करतो. घरचे लोक म्हणतात, जरा ऊन उतरल्यावर या. ऊन उतरल्यावर आलो तर यायचंच कशाला?

मायक्रोवेव्हचंही एक प्रकरण आहे. एका घरात फक्त मायक्रोवेव्हवर चालणारा जुना सेन्सर होता आणि तो रोज पहाटे ठरावीक वेळी वाजायचा. घरच्यांनी भुतापर्यंत मजल नेली होती. कारण सापडलं ते घरातल्या आजींमुळे. त्या म्हणाल्या, “नळाला पाणी येतं तेव्हाच कसा रे वाजतो हा?” सेन्सरच्या समोरच्या भिंतीत बाथरूमचा पीव्हीसी पाइप होता. मायक्रोवेव्ह प्लास्टिकच्या आरपार जातात आणि आत वाहणारं पाणी त्यांना हालचाल म्हणून दिसतं. सेन्सर दुसऱ्या भिंतीवर घेतला, पहाटेची झोप परत आली. तपासणीला गेल्यावर घरात सगळ्यांत जास्त वेळ असणाऱ्या माणसाशी आधी बोलायचं, हे मी त्या आजींकडून शिकलो.

पालींचं काय सांगावं! पॅनेलचा ट्रान्सफॉर्मर कोमट असतो, पेटीत अंधार असतो, पालीला अंडी घालायला याहून चांगली जागा नाही. हूटरच्या डब्यात मुंग्या वारूळ करतात. कोळी भिंगापुढे जाळं विणतो आणि वाऱ्यानं ते हललं की अलार्म. उपाय साधा आहे: वायर आत जाते ती भोकं सिलिकॉननं बुजवा, भिंग कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. झुरळांचा स्प्रे सेन्सरवर कधीही मारू नका, भिंगाचं प्लास्टिक धुरकट होतं आणि नजर कायमची अधू होते.

गॅस-गळतीचा डिटेक्टर बऱ्याच घरांत याच पॅनेलला जोडलेला असतो आणि त्याबाबतीत एक गोष्ट मी मिळेल त्या प्रत्येकाला सांगतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीपासून वीतभर-दीड वीत उंचीवर लावतात. मुंबई-पुण्यात घरोघर पाइपचा गॅस आला. तो मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, छताकडे जाणारा. ओटा तोच, शेगडी तीच, म्हणून डिटेक्टरही तिथंच, जमिनीजवळ राहिला. ठाण्याच्या एका घरात ताई दर महिन्याला न चुकता गॅसचा लायटर न पेटवता डिटेक्टरजवळ धरून तो वाजतो याची खात्री करत होत्या. लायटरमध्ये ब्यूटेन असतो, म्हणजे सिलिंडरच्याच घराण्यातला. चाचणी दर वेळी यशस्वी. घरात मात्र ब्यूटेन उरलाच नव्हता. त्या दिवशी आम्ही मिथेनचा डिटेक्टर छताखाली लावून दिला आणि जुन्याच्या मागची तारीख पाहिली, तीही केव्हाच उलटली होती. या डिटेक्टरांना आयुष्य असतं, बहुधा पाच वर्षांच्या आसपास. ते मागच्या बाजूला छापलेलं असतं आणि मागची बाजू भिंतीकडे असते.

अलार्म वाजला की पॅनेल ज्यावरून फोन लावतं, त्या सिमकार्डाचे किस्से वेगळे लिहावे लागतील, इतके आहेत. रिचार्ज संपलेलं सिम हा रोजचाच प्रकार. पैसे वाचवायला घरातल्या सगळ्यांचे नंबर पोर्ट केले, त्यात पॅनेलचाही केला, असंही घडतं. जिओचं जाळं २०१६ साली आलं तेव्हापासूनच ४जीचं, त्यामुळे फक्त २जी समजणाऱ्या जुन्या पॅनेलमध्ये ते सिम बसतं, पण बोलत नाही. एक प्रसंग मात्र विसरता येत नाही. कोथरूडचं एक जोडपं सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यू जर्सीला निघालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी सगळी सिस्टीम त्यांनी स्वतः तपासून घेतली. दार उघडलं, हूटर वाजला, काकांच्या खिशातला फोन लगेच वाजला. सगळे समाधानी. आमच्या कामावरच्या पोरानं सहज पॅनेलमधल्या नंबरांची यादी पाहायला मागितली. पहिला नंबर त्यांच्या मुलाचा, अमेरिकेतला. पॅनेलच्या सिमवर परदेशी कॉलची सोयच नव्हती. दुसरा नंबर काकांचा, जो दुसऱ्या दिवशी विमानात बसल्यावर बंद होणार होता. तिसरा नंबर नव्हता. म्हणजे टेस्ट पास झाली ती काका पुण्यात होते म्हणून, आणि अलार्मची गरज पडणार होती ती ते पुण्यात नसताना.

त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या मावशींना वर बोलावलं. किल्ली त्यांच्याकडेच राहणार होती, पण त्यांचा नंबर यादीत घालायचं कुणाला सुचलं नव्हतं. तो पहिला घातला, दुसरा चाळीच्या दिवसांपासूनच्या एका मित्राचा, मुलाला ॲपवर संदेश. मावशींनी विचारलं, “वाजला तर मी एकटीनं वर जायचं का?” फार योग्य प्रश्न. नाही जायचं. वॉचमनला घेऊन बाहेरूनच पाहायचं, कुलूप तुटलेलं दिसलं तर ११२ फिरवायचा आणि दाराला हात लावायचा नाही. हे सगळं त्यांना तिथं बसून सांगितलं आणि काकांसमोर एकदा खोटा कॉल करून दाखवला. मावशींनी तो नंबर लगेच ‘अलार्म, तिसरा मजला’ या नावानं जतन करून ठेवला.

हूटरची चाचणी ही सगळ्यांत अवघड. तांत्रिकदृष्ट्या काहीच नाही, एक बटण दाबायचं. पण जिन्यात उभं राहून वर-खाली ओरडावं लागतं, “टेस्टिंग चालू आहे, घाबरू नका!” कुणाचं बाळ झोपलेलं असतं, कुणाची ऑनलाइन परीक्षा असते, म्हणून घरमालकच म्हणतात, हूटर राहू द्या, बाकीचं बघा. डोंबिवलीच्या एका सोसायटीत उलट झालं. तिथं बऱ्याच घरी आमच्या सिस्टीम होत्या, महिन्यातून कुठल्या ना कुठल्या घरी चाचणी चालायची. एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरचं कुलूप तोडलं गेलं, हूटर पूर्ण आवाजात वाजला, नंबरवर फोनही गेला. शेजारच्या चार घरांत माणसं होती. कुणीच दार उघडलं नाही. नंतर प्रत्येकानं एकच सांगितलं, “आम्हाला वाटलं, तुमचीच माणसं आलीत.” हूटरला घाबरून चोर अर्ध्यावर पळाला म्हणून नुकसान थोडक्यात भागलं. पण त्या दिवशी आमचं सगळं यंत्र चाललं होतं आणि तरीही सिस्टीम नापास झाली होती, कारण हूटरच्या पुढे जी माणसं असतात तीही सिस्टीमचाच भाग आहेत.

फ्रान्समध्ये सार्वजनिक भोंग्यांची चाचणी दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारीच होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आम्ही त्या सोसायटीत आपल्या अकलेनं तेच केलं. सेक्रेटरींनी नोटीस लावली: हूटरची चाचणी फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा ते साडेअकरा. बाकी कुठल्याही वेळी वाजला तर तो खरा. त्यानंतर आमच्या माणसांनाही दुसऱ्या वेळी हूटर वाजवायची मुभा राहिली नाही.

बॅटरीबद्दल मुद्दाम शेवटी लिहितोय, कारण सगळ्यांत जास्त अलार्म तिथंच मरतात. पॅनेलच्या पेटीत तळाला १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासाची सीलबंद बॅटरी असते. लाइट चालू असताना मीटर लावला तर मेलेली बॅटरीही साडेतेरा व्होल्ट दाखवते, कारण तो आकडा चार्जरचा असतो. खरी परीक्षा म्हणजे लाइट बंद करायची, अर्धा तास सिस्टीम बॅटरीवर चालवायची, मग हूटर वाजवायचा आणि मीटरचा काटा कुठवर खाली येतो ते बघायचं. बारापाशी राहिला तर ठीक. साडेदहाच्या खाली गेला तर बॅटरी बदला, आणि जुनी भंगारात न देता दुकानदाराला परत करा. तीन-चार वर्षं टिकणारी ही बॅटरी पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ठेवली तर निम्म्या काळातच जाते.

मालवणजवळच्या एका घराची बॅटरी मात्र दर वर्षी जायची. घर मुंबईकर चाकरमान्यांचं. गणपतीत आणि मे महिन्यात उघडणार, बाकी बंद. आम्ही नवी बॅटरी घालून यायचो, पुढच्या चतुर्थीला ती फुगलेली. चार्जर बदलला, पॅनेल बदललं. शेवटी घर राखणाऱ्या काकांना विचारलं की मंडळी गेल्यावर तुम्ही काय काय बंद करता. ते म्हणाले, “विजेचो काय भरोसो? म्हणान मेन स्विचच बंद करून ठेवतंय.” बरोबरच होतं त्यांचं, कोकणात बंद घराचा मेन चालू ठेवत नाहीत. पण सेन्सरांसकट पॅनेल दीडशे-दोनशे मिलिॲम्पिअर खातं. सात ॲम्पिअर-तासांची बॅटरी दीड दिवस पुरते. मंडळी मुंबईला पोचून अंघोळ करून कामाला लागायच्या आतच घराचा पहारा संपत होता, आणि पूर्ण रिकामी झालेली शिसे-आम्लाची बॅटरी महिनोन्‌महिने तशीच पडून कायमची निकामी होत होती.

आम्ही पॅनेलसाठी मेनच्या आधीच वेगळा एमसीबी काढला, त्याला सर्ज प्रोटेक्टर लावला, अर्थिंग नवं घातलं आणि त्या एका खटक्यावर लाल पट्टी चिकटवली. काकांना साधा मल्टिमीटर दिला आणि तो वापरायला शिकवलं. आता ते महिन्यातून एकदा घर झाडायला उघडतात, लाल खटका अर्धा तास पाडतात, सगळी दारं उघडून बघतात, हूटर वाजवतात आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. गेल्या श्रावणात त्यांचा फोन आला, काटा अकराच्या खाली येतोय म्हणून. कणकवलीहून नवी बॅटरी पाठवली, ती त्यांनी स्वतःच बसवली, लाल तार लाल टोकाला लावली आहे ना, एवढं तेवढं फोनवर दोनदा विचारून घेतलं.